रांजणातले आसव निवळेपर्यंत

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकतही, वज्रसेन नावाचा राजा होता. मनाचा चांगला, पण जिभेला लगाम नाही. एकदा एका मांत्रिकाने आपल्या हातचे फळांचे आसव नजराणा म्हणून आणले. राजा भर दरबारात म्हणाला, "हे आसव की डबक्यातले पाणी?"

दरबार हसला. मांत्रिक हसला नाही. "राजा, आजपासून तुला प्रत्येक चेहरा असाच गढूळ दिसेल, आणि प्रत्येकाचे बोलणे सारखेच ऐकू येईल. राणीने स्वतः केलेले आसव तू प्यायलास, आणि त्यातून पेल्याचा तळ दिसत असला, तरच नजर निवळेल. गढूळ पेला ओठाला लागला, तर कधीच नाही."

तेव्हापासून राजाला प्रधान कोण, पहारेकरी कोण, काही कळेना. राणी शशिलेखा तेवढी पैंजणांच्या आवाजावरून कळे. राणीने जांभळे कुस्करली, मध घातला, रांजण तळघरात ठेवला. फेस आला, फेस बसला. आसव मात्र चिखलासारखेच राहिले. तिला रडू फुटले.

झरोक्यात साळुंकी बसली होती. "राणी, कामे तीन. आधी आसव गाळावरून उतरव. मग निवळीची बी आण, ती उगाळून घातली की गढूळपणा खाली बसतो. तिसरे काम सर्वांत अवघड, ते नंतर सांगेन."

राणीने कमळाच्या देठाची नळी केली आणि वरचे आसव हलक्या धारेने दुसऱ्या रांजणात उतरवले. गाळ नळीपाशी येताच ती थांबली.

मग बी आणायला ती रानात गेली, तर निवळीच्या झाडाखाली नाग होता. तो म्हणाला, "बी ने. पैंजणांचा आवाज ठेवून जा."

राणीने एकदा पाऊल आपटून तो आवाज ऐकून घेतला. मग तिने होकार दिला. ती महालात परतली तेव्हा राजाने विचारले, "आपण कोण?"  तरी ती तळघरात गेली, बी उगाळली आणि आसवात कालवली.

"आता तिसरे काम," साळुंकी म्हणाली. "आता काहीही करू नकोस."

पण गाळ काही बसेना. त्या राज्याची रीत अशी, की रोज सायंकाळी राजाच्या नावाने नगारा झडे, आणि नगारखाना नेमका तळघराच्या डोक्यावर. दिवसभर बसलेला गाळ तिन्हीसांजेला पुन्हा उठे. राजवाड्यातले आसव पिढ्यान्‌पिढ्या गढूळ होते ते यामुळेच, आणि हसायला गेले मांत्रिकाला! रांजण हलवावा, तर तसा गारवा दुसरीकडे नव्हता.

राणीने नगारा बंद केला. प्रधान हादरला. "राणीसाहेब, प्रजा समजेल राजा गेला. शत्रू वेशीवर येईल."

"प्रजेला मी सांगेन. शत्रूला तुम्ही सांगा."

मग रोज सायंकाळी ती महाद्वारात उभी राही आणि सांगे, "महाराज आहेत. नगारा मी थांबवला आहे." काहींना पटले, काही गाड्या जुंपून निघून गेले. ती सांगत राहिली. झाकण उघडून जरा पाहावे असे फार वाटे. हात झाकणापर्यंत जाई आणि मागे येई. तिला राजाचा रागही होता. त्याच्या एका वाक्याची शिक्षा ती भोगत होती. वर्षामागून वर्षे त्या रांजणापाशी बसता बसता तो रागही ओसरला.

एके दिवशी साळुंकी म्हणाली, "उघड."

राणीने स्फटिकाचा पेला भरला. आसवातून तिला आपल्या तळहातावरच्या रेषा दिसल्या. ती राजापुढे गेली.

"अनोळखी हातचे मी पीत नाही," राजा म्हणाला.

"हात अनोळखी असेल, महाराज. पेल्याचा तळ पाहा."

राजाने पाहिले, आणि तो प्यायला.

पुढे राजा स्वतः वेशीपर्यंत चालत गेला, गेलेल्या गाड्या परतल्या, कारभार मार्गी लागला. पण ते सारे नंतरचे. त्या क्षणी त्याने पेला खाली ठेवला आणि समोरच्या स्त्रीकडे पाहतच राहिला.

"शशिलेखा," तो म्हणाला, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

"आसव मुरत होते तेव्हा," राणी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्यासमोर रडली.