वेल जिथे तुटते

“तो आवाज कसा होता, बाबा?”

उमेदगीर बाबांनी डोळे मिटले. पोरवयात मठाच्या अंगणात ऐकलेला तो आवाज त्यांच्या कानातून कधी गेलाच नव्हता.

“रिकामं जातं ओढल्यासारखा,” ते म्हणाले. “जमीन हलली, आणि ही दीपमाळ दळू लागली.”

“पडलं काय काय?”

“चुलीवरची हंडी.”

रत्नाकर हसला. शहरात बांधकाम शिकून तो बाबांच्या पायाशी आला होता. मठाची दुमजली दगडी धर्मशाळा त्यानेच आखली होती. खुंट्या ठोकून, दोरी ताणून झाली होती. उद्या पाया खणायचा होता. हंडी पाडणाऱ्या भूकंपाला त्याच्या भिंती सहज पुरून उरणार होत्या. याहून मोठा इथे कधी झालाच नाही, असं तो गावभर सांगत होता.

बाबांनी तेलाची बुधली त्याच्या हाती दिली.

“दिवे लावून ये.”

दीपमाळेच्या, दिवे ठेवायच्या दगडी हातांवर पाय देत रत्नाकर चढला. अर्ध्यावर त्याचा पाय हवेत गेला. पुढचा हात रेषेत नव्हता. चांगला चार बोटं डावीकडे होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्रिपुरी पौर्णिमेला चढणाऱ्याला दरवर्षी खालून सांगत, डावीकडे टाक रे, पाथरवट प्यायलेला होता.

“पाथरवटाची नजर चुकली,” रत्नाकर वरून म्हणाला.

“वेलीवर बोट फिरव.”

दगडावर कोरलेल्या वेलीवरून त्याने बोट खाली नेलं. सांध्यापाशी एक पान अर्ध्यात तुटलं...

उरलेलं अर्धं खालच्या दगडावर होतं. चार बोटं पलीकडे.

असं पान कोणी कोरत नाही. म्हणजे वरची सगळी दीपमाळ फिरली होती.

तो तसाच चिकटून राहिला.

“बाबा... तुमच्या वेळी एवढी फिरली?”

“माझ्या वेळी त्या सांध्यावरची काजळीची रेघ तुटली होती. केसभर.”

रत्नाकर उतरला. बुधली तशीच भरलेली होती. त्याने दीपमाळेकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

“मग त्याआधीचा आवाज... तो केवढा असेल?”

बाबांनी तुटलेल्या वेलीकडे पाहिलं.

“ऐकणारा एखादा जरी राहिला असता, बाळा, तर त्या पाथरवटाच्या माथी दारू कशाला आली असती?”

रत्नाकरने बुधली पायरीवर ठेवली. तो धर्मशाळेच्या जागेकडे गेला, आणि ताणलेली दोरी गुंडाळू लागला.