एक तरी नाव सांग

दिगंबर दुसऱ्यांना भाषणं लिहून देऊन पोट भरायचा; त्याचं नाव मात्र कुठेच येत नसे. वैजूला मागणी घालायला तो गेला, तेव्हा तिचे वडील ढोकणे गुरगुरले, “नोकरी नाही, नाव नाही! हे बघ आमचे मेव्हणे, नगराध्यक्ष. बोलायला उभे राहिले की मैदान डोलतं. तू कुणासाठी लिहितोस? एक तरी नाव सांग, नाहीतर ऊठ.”

शेजारी बसलेल्या मेव्हण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचं प्रत्येक भाषण दिगंबरच लिहायचा. दाराआड वैजू कान देऊन उभी होती.

दिगंबर मान खाली घालून म्हणाला, “आज इथे कुणाचं गुपित फोडलं, तर उद्या तुमच्या घरातलंही चव्हाट्यावर मांडेन. अशा माणसाला मुलगी द्याल का?”

ढोकणे मेव्हण्यांकडे वळले. मेव्हण्यांनी घाम पुसला आणि ते घाईने म्हणाले,

“दाजी, मुलगा गुपित पोटात ठेवणारा आहे. लग्नाची तारीख ठरवून टाका!”