वैद्याचं बुजगावणं

फार फार जुनी गोष्ट. डोंगरांनाही तेव्हा नावं पडली नव्हती.

अशाच एका डोंगराखाली एक वैद्य राहत होता. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर औषध होतं. स्वतःच्या दुखण्यावर मात्र नव्हतं, कारण संशयाला औषध नसतं. पाला मागायला आलेली म्हातारी त्याला चोर वाटे. बांधावरून जाणारा गुराखी चोर वाटे. बायकोनं त्याच्या औषधी पाल्याच्या मळ्यातून तुळस आणली, तरी तो तिची ओंजळ उघडून बघे.

मळा राखायला त्यानं बुजगावणं उभं केलं. गवताचं अंग, मडक्याचं डोकं. पण एवढ्यावर थांबेल तो वैद्य कसला! सात वर्षं मुळ्या उकळून त्यानं निर्जीवात जीव घालणारा रस काढला.

बायको म्हणाली, "अहो, दुखणी बरी करता, तेवढं पुरे नाही का? जीव घालणं आपलं काम नव्हे."

"देवाला जमतं, ते मला का जमू नये?" असं म्हणून त्यानं रसाचा शेवटचा थेंबही मडक्यावर ओतला.

बुजगावण्यानं डोळे उघडले. "मी काय करू?" त्यानं लहान मुलासारखं विचारलं.

वैद्य म्हणाला, "कुणावर विश्वास ठेवू नकोस. कुणी रडलं, पाया पडलं, तरी आत सोडू नकोस."

झालं. एवढंच शिक्षण देऊन स्वारी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वैद्याच्या एकुलत्या एका लेकीला साप चावला. विषावरचा पाला मळ्यात होता. वैद्य धावत सुटला. बांधावर बुजगावणं आडवं आलं.

"कोण?"

"अरे, मी! तुला जीव दिला तो!"

"आत शिरायला माणसं काहीही सांगतात."

"माझी लेक मरतेय रे! पाया पडतो तुझ्या!"

"पाया पडणाऱ्याला सोडायचं नाही, असं मला सांगितलंय."

"मीच सांगितलं ना ते!"

"तूच कशावरून?"

वैद्यानं घरच्या चुलीतलं जळतं लाकूड आणून बुजगावण्याला लावलं. गवतच ते, भडकलं. पेटलेल्या अंगानं ते बिचारं मळाभर धावत सुटलं. जाईल तिथला पाला पेटत गेला, आणि ते ओरडत राहिलं, "वैद्यबुवा, धावा! मळ्यात चोर शिरलाय!"

वैद्य घरी परतला तेव्हा त्याच्या मुठीत राख होती. बायकोनं ती पाहिली आणि लेकीच्या तोंडावर पदर ओढला.

तात्पर्य: ज्याला माया लावता येत नाही, त्यानं जीव घालायला जाऊ नये.