तोवर पुरतील

"चार वर्षं पुरतील की नाही, एवढंच सांगा ना, उस्ताद."

उस्तादांनी मान वर केली नाही. लांब लाकडी टेबलावर पॅराशूट पसरले होते. त्याची एक पाकळी त्यांनी दुसरीवर ठेवली आणि तळहाताने मधली हवा हळूहळू बाहेर काढली.

"काय पुरतील?"

"जुनी विमानं."

"ते हँगरमध्ये विचारा."

"विचारलं. नऊ दिवस तेच विचारतोय. एकाने तक्ते हातात दिले. एक म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. एक म्हणाला, चालवू की साहेब. हो किंवा नाही म्हणायला कोणी तयार नाही."

"मग मला काय विचारता? विमान संपतं, तिथून माझं काम सुरू होतं."

सुमेध तायडे मूळचा अकोल्याचा. विमानविद्या शिकायला परदेशी गेला आणि सात वर्षे तिथे राहिला. मग चांगली नोकरी सोडून परत आला, कारण कोणीतरी परत यायला हवे, असे त्याला मनापासून वाटत होते. देशाच्या वायुदलासाठी नवी लढाऊ विमाने निवडणाऱ्या समितीत आता तो सर्वांत तरुण सल्लागार होता. समितीने त्याला माळावरच्या या हवाई तळावर दहा दिवसांसाठी धाडले होते. जुनी विमाने अजून इथूनच उडत. आज दहावा दिवस. पाहायचे राहिले होते ते पॅराशूटच्या घड्या घालण्याचे हे दालन.

आणि इथले गैबी शिकलगार.

चौतीस वर्षे ते वैमानिकांच्या छत्र्यांच्या घड्या घालत आले होते. निवृत्तीनंतरही तळाने त्यांना शिकवायला ठेवून घेतले होते. त्यांनी घडी घातलेल्या छत्रीने अकरा वैमानिक जिवंत खाली आले. अकराही जण नंतर पेढे घेऊन आले. तळावर सगळे त्यांना उस्ताद म्हणत, तळप्रमुखसुद्धा.

पंखा बंद होता. वाऱ्याने कापड हलते म्हणून घडी चालू असताना तो लावत नसत. सुमेधचा सदरा पाठीला चिकटला होता.

"उद्या मला टिपण द्यायचंय," तो म्हणाला. "चौदा वर्षं झाली, उस्ताद. पहिल्यांदा विमान निवडलं, तर मधे दलाल निघाला. रद्द. दुसऱ्यांदा चाचण्या इतक्या लांबल्या की त्या संपेपर्यंत आपली गरजच बदलली. रद्द. आता तिसऱ्यांदा फाइल सहीपर्यंत आलीय."

"चांगलं झालं की."

"नाही झालं. मी विरोध नोंदवणार आहे."

उस्तादांचा हात थांबला.

"एकाने जरी विरोध लिहिला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तसा नियम आहे. चार वर्षं जातील. जाऊ देत."

"का?"

सुमेध याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"कारण जे घेतोय ते उत्तम नाही. दोन वर्षांत याहून चांगलं रडार येतंय, आपल्याला मात्र आजचं मिळणार. इंजिन देणार, पण इंजिन करायची विद्या देणार नाहीत. उद्या एक पातं बदलायचं म्हटलं तरी त्यांचा माणूस बोलवायचा, त्याला हॉटेलात ठेवायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. मी तिकडे शिकत होतो तेव्हा वर्गात एकाने विचारलं होतं, तुम्ही स्वतःचं काय उडवता? मला उत्तर देता आलं नाही. या देशाने एकदा तरी पहिल्या प्रतीचं मागावं की नाही? दुसऱ्या प्रतीवर सही करायला मी परत आलो नाही."

त्याचा आवाज चढला होता. टेबलाच्या कडेवर त्याने मूठ आपटली, तसे कापड थरथरले.

उस्तादांनी ते पुन्हा सारखे केले.

"हात स्वच्छ आहेत?"

"काय?"

"हात. धुवून या. साबणाने."

सुमेध हात धुवून आला.

उस्तादांनी दुसऱ्या टेबलावर सरावाची छत्री टाकली. "घाल घडी."

"तुम्ही आत्तापर्यंत अहो-जाहो करत होतात."

"टेबलाला हात लागला की इथे साहेब कोणी नसतं. घाल."

सुमेधने ही घडी चित्रांत पाहिली होती. ती आपल्याला सहज जमेल, असे त्याला वाटत होते आणि ते खरे होते. दोऱ्या त्याने टेबलाच्या टोकाच्या आकड्याला अडकवल्या. एकेक दोरी बोटांतून जाऊ दिली. पीळ नाही. पाकळ्या डावीकडे चौदा, उजवीकडे चौदा. कापड सरकू नये म्हणून वर शिशाच्या छोट्या पिशव्या. गळ्यात टॉवेल, घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून. पाऊण तास तो एक शब्द बोलला नाही.

आता फक्त छत्री पिशवीत भरून पीन लावायची राहिली.

उस्ताद आले. त्यांनी छत्रीचा शेंडा धरला आणि एका झटक्यात सगळी घडी उलगडून टाकली.

"काय चुकलं?"

"काही नाही. छान होती."

"मग?"

"याहून चांगली एक घडी आठवली मला. जरा लवकर उघडते."

सुमेधने ओठ घट्ट मिटले. ती दुसरी घडी तो शिकला. ती खरोखरच जास्त चांगली होती. पुन्हा दोऱ्या, पुन्हा पाकळ्या, पुन्हा शिशाच्या पिशव्या. शेवटी पीन हातात घेतली.

उस्तादांनी शेंडा धरला.

"नाही," सुमेध म्हणाला.

घडी उलगडली.

"आता काय?"

"पुढल्या वर्षी नवं कापड येणार म्हणतात. पातळ. त्याला ही घडी चालायची नाही."

सुमेध स्टुलावर बसला. टॉवेलने तोंड पुसले. मग हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"कळलं, उस्ताद. दृष्टांत कळला. घडी म्हणजे फाइल, ती उलगडणारे तुम्ही म्हणजे मी. लहान मुलाला सांगतात तसं सांगितलंत. त्यासाठी दीड तास घामाने निथळायची गरज नव्हती."

"बरं."

"आणि चुकलाय तुमचा दृष्टांत. दोरीला एक पीळ दिसला तर तुम्ही घडी उघडता की नाही?"

"उघडतो."

"बाहेर विमान सुरू करून ठेवलंय, वैमानिक थांबलाय, वरिष्ठ ओरडतायत. तरी?"

"तरी उघडतो."

"मग इंजिनाची विद्या न देणं हा पीळ नाही? उद्या भांडण झालं आणि त्यांनी सुटे भाग थांबवले, तर ही सगळी नवी विमानं हँगरमध्ये उभी राहतील. हा पीळ नाही?"

उस्तादांनी सरावाच्या छत्रीची एक दोरी बोटांतून सरकवून पाहिली.

"आहे," ते म्हणाले. "मोठा पीळ आहे."

सुमेधला हे अपेक्षित नव्हते.

"मग मी विरोध लिहू?"

"मला त्यातलं कळत नाही. तू शिकलायस. तू म्हणतोस ते खोटं वाटत नाही."

"मग चार वर्षं पुरतील एवढं म्हणा. तुमचं ऐकून मला बरं वाटेल."

"काय लिहिलंयस ते वाच."

सुमेधने पिशवीतून कागद काढले. रडारचे कलम वाचले. इंजिनाचे वाचले. स्वावलंबनाचे वाचताना त्याचा आवाज पुन्हा चढला. त्या परिच्छेदावर त्याने चार रात्री घालवल्या होत्या. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "पुढे?"

"पुढे काही नाही. शेवटची एक ओळ. औपचारिक."

"वाच की."

"नवी प्रक्रिया पूर्ण होण्यास सुमारे चार वर्षे लागतील. तोवर सध्याची विमाने पुरतील."

उस्तादांनी डोळे उघडले.

"हे कुणी सांगितलं?"

"तेच तर विचारतोय तुम्हाला."

"आधी लिहिलंस आणि मग विचारत फिरतोयस?"

"असंच लिहावं लागतं, उस्ताद. ही ओळ नसेल तर विरोध विचारातच घेत नाहीत. आधी दोनदा रद्द झालं, तेव्हाही हीच ओळ होती. शब्दन् शब्द हीच."

"कुणी लिहिली होती?"

"माहीत नाही. टिपणातल्या ओळीखाली नाव नसतं."

उस्तादांनी आपल्या टेबलावरच्या छत्रीचे कार्ड उचलले. प्रत्येक छत्रीला असे एक कार्ड असते. घडी कधी घातली आणि कुणी घातली ते त्यावर लिहिलेले असते. त्यांनी ते सुमेधसमोर धरले. खालपासून वरपर्यंत एकच सही होती, सुरुवातीची ठसठशीत, अलीकडची थोडी कापरी.

सुमेधने कार्ड बाजूला सारले.

"हे मला माहीत आहे. तुमच्या कामात नाव असतं, आमच्यात नसतं, आम्ही बेजबाबदार. हेच म्हणायचंय ना? तुम्हीही सगळ्यांसारखेच निघालात. दहा दिवस मी या तळावर एक सरळ उत्तर मागतोय आणि कोणी मला तक्ता देतं, कोणी दृष्टांत देतं. हो किंवा नाही, उस्ताद. दोनच शब्द आहेत. त्यातला एक उचला."

उस्तादांनी छत्रीची पुढची पाकळी उचलली.

दारात बूट काढल्याचा आवाज झाला. एक तरुणी आत आली. अंगात उड्डाणाचा पोशाख, खांद्यांवरून आणि मांड्यांवरून घेतलेले पट्टे. छत्री विमानाच्या खुर्चीतच असते. वैमानिकाच्या अंगावर असतात ते हे पट्टे, त्या छत्रीला जोडायचे.

"उस्ताद, पट्टा सैल लागतोय."

"बारीक झालीस."

"दोन किलो. आमच्या म्हातारीतलं थंड हवेचं यंत्र महिनाभर बंद आहे. वर गेलं की वितळायला होतं."

"आई ओरडली असेल."

"आई म्हणते, मुलगा बघायला येईल त्या दिवशी तरी जेवून बस." तिची नजर सुमेधकडे गेली. "तुम्ही समितीचे ना? मी राजसी जाचक. फ्लाइट लेफ्टनंट."

सुमेध उठून उभा राहिला. नकळत त्याने कागद टेबलावर पालथे ठेवले.

"बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "आमच्यात पैज लागलीय, नवी विमानं कधी येणार यावर. एक जण म्हणतो, दोन वर्षं. एक म्हणतो, राजसीची मुलगी वैमानिक होईल तेव्हा. मी म्हटलं, अरे, आधी लग्न तर होऊ द्या माझं."

"लवकरच येतील," सुमेध म्हणाला.

"हे मी प्रशिक्षणात होते तेव्हापासून ऐकतेय." ती मनापासून हसली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून सुमेधला ते जास्त लागले.

"कशी आहेत ही जुनी विमानं?" त्याने विचारले. "खरं सांगा."

"कुठल्या दिवशी?"

"आज."

"आज सकाळी तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा म्हातारी उठली. एकदा उठली की मग बरी असते. उतरताना जरा लाड करावे लागतात." ती उस्तादांपुढे हात पसरून उभी राहिली. "पण गुणी आहे हो. माझ्या वडिलांच्या वयाची आहे. त्यांनाही सकाळी उठायला वेळच लागतो."

उस्ताद गुडघ्यावर बसले. मांडीवरचा पट्टा त्यांनी ओढला, दोन बोटे आत घालून पाहिली, पुन्हा ओढला. मग उठून खांद्यावरचा. बक्कल लावून तळहाताने दोनदा दाबले.

"आता?"

"आता श्वास घेता येत नाही."

"मग बरोबर आहे. कधी निघतेस?"

"वीस मिनिटांत. चौघं आहोत. एकाचं विमान उभंच राहिलंय, पण तिघं तर जाऊच." सुमेधकडे वळून ती म्हणाली, "थांबणार असाल तर संध्याकाळी मेसमध्ये या. तुम्ही तिकडे शिकलात ना? नवी विमानं आतून कशी दिसतात, ते सांगा आम्हाला. आम्ही फोटोच बघतो."

"आज रात्री निघतोय मी. उद्या... समितीसमोर बोलायचंय."

"मग आमच्यासाठी चांगलं बोला," ती म्हणाली आणि दाराकडे गेली.

सुमेधने कागद गोळा केले. त्याला ते लवकर पिशवीत घालायचे होते, पण घामेजल्या बोटांना ते चिकटत होते. बाहेर उंबऱ्याशी बसून ती बुटांच्या नाड्या बांधत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. लांबवर कुठलेतरी इंजिन सुरू झाले, खोकले, बंद पडले.

उस्तादांनी आपली छत्री अर्धवट सोडली. ते दाराशी गेले.

"थांब जरा, पोरी," ते म्हणाले. "साहेबांना तुला एक ओळ वाचून दाखवायचीय."