मोहरीतला मणी

“मग आता तरी सांगा की बाबा, निवळली का न्हाई माती?”

केरबानं आणलेला मणी नूरबाबांनी दोन बोटांत धरून उन्हाकडं केला. हरभऱ्याएवढा होता. चांदीसारखी झाक होती त्याला.

म्हातारा वाडवडलांपासून झारेकरी. सोनारांच्या दुकानातली राख, धूळ, केरकचरा धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, यात त्याच्या तीन पिढ्या गेल्या. म्हातारपणी ते सगळं सोडून नाल्याकाठी झोपडी घालून राहिला, तेव्हापासून लोक त्याला फकीर म्हणायला लागले.

“सहा सालांचं ह्येवढंच?”

“ह्येवढंच कसं, बाबा?” केरबा फुरंगटला. “तुम्ही सांगितलं तस्संच केलं. मातीतलं इख वढून घ्यायला दर साली मोहरी पेरली, शेंगा भरायच्या आधी उपटली. शेळीच्या तोंडाला पान लागू दिलं न्हाई. पत्र्याच्या पिपात जाळली, वाऱ्यावर चिमूटभर राख जाऊ दिली न्हाई. राख धुतली. धुवणाचं पाणी खत म्हणून रानाला परत दिलं, आन् खालचा गाळ मुशीत आटवला. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमलंय का दाखवा.”

“न्हाई जमलं कुणाला. नाव केरबा, आन् केरातनंच धातू काढलास. आमच्याच घरात जन्मायचास, चुकून इकडं उतरलास.”

केरबा हसला. लई दिवसांनी हसला.

नाल्याच्या वरच्या अंगाला मुलाम्याचा कारखाना होता. तो बंद पडला, मालक निघून गेला. पण त्यानं नाल्यात सोडलेलं धातूचं हिरवं पाणी काही गेलं नाही. ते रानात मुरलं, विहिरीत उतरलं. त्या विहिरीचं पाणी पिऊन पिऊन केरबाची अनसू वाळत गेली, आणि एका सकाळी उठलीच नाही. चार वर्षांची पोर.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको हौसा कडेवरचं तान्हं घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, “माती निवळली असं नूरबाबा ज्या दिवशी सांगतील, त्या दिवशी येते. तवर या पोराला हितला थेंब पाजायची न्हाई.”

त्याला सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीला केरबा भेटायला गेला, तर अंगणात खेळणाऱ्या त्या पोरानं आत हाक मारली, “आई, पाव्हणं आल्यात.”

“हौसाला काय निरोप धाडू?” केरबानं विचारलं. “यंदा पेरलं न्हाई मी. आता गरज न्हाई.”

बाबा काठी टेकत उठले. “चल, रान दाखीव.”

दोघं बांधाबांधानं निघाले. नांगरलेली माती काळीभोर पडली होती. केरबा पुढं चालत हात करून दाखवत होता. इथं आधी गवत उगवत नव्हतं, इथं आता गांडुळं दिसतात.

“मोहरीसारखं बळ कुणात न्हाई, बाबा. इख पचवती ती.”

“पचवत न्हाई.”

“मग?”

“धरून ठिवती. पानापानात धरती, आन् हिरवी ऱ्हाती. कुणीतरी येऊन काढून घेईस्तवर…”

रानाच्या कडेला बाभळ होती. बाभळीखाली दोन हात जागा शेणानं सारवलेली. उशाला धोंडा, धोंड्यावर काचेच्या चार बारक्या बांगड्या. भोवतीची सगळी माती नांगरलेली, तेवढी सोडून.

बाबा तिथं थांबले.

“हितं कधी पेरलीस?”

“हितं न्हाई पेरत.”

“का?”

केरबा मातीकडं बघत राहिला. “हितं अनसू हाय.”

“म्हाईत हाय मला. खड्डा तुझ्यासंगं मीच खणला.”

“मुळं खाली जातात, बाबा. तिच्या अंगाला लागतील. आन् मग शेंगा भरायच्या आधी मी… माझ्या हातानं उपटू…”

बाभळीवर एक होला घुमत होता.

मग बाबांनी कमरेची पिशवी सोडली. केरबाचा हात धरून उघडला, तळहातावर तो मणी परत ठेवला आणि त्याच्यावर मूठभर मोहरीचं बी ओतलं. मणी दिसेनासा झाला.

केरबानं मूठ मिटली.

“बाकी समदं रान निवळलंय की, बाबा. दोन हात जागा तेवढी… तेवढी ऱ्हाऊ द्या. हौसाला सांगा, माती निवळली म्हणून. एकदा सांगा.”

बाबा काठीवर भार देत खाली बसले. बांगड्यांवर पडलेला बाभळीचा पाला त्यांनी एकेक करून वेचला.

“त्याच विहिरीचं पाणी पोरीनंबी पिलं, केरबा… तिला त्ये इख आजून किती साल धरून ठिवायला लावतोस?”