मोहरीने मोजलेला आवाज

“माझा आवाज मोठा की तुमच्या देवळातला नगारा मोठा? उद्या दरबारात मोजून दाखव! आणि माप असं आण, की ज्याला खोटं बोलताच येणार नाही. नाही जमलं, तर नगाऱ्याचं कातडं सोलून त्याचे जोडे करून घालीन!”

विरूपाक्षराजांचा हा हुकूम भिवा गुरवाला होता. टेकडीवरच्या देवळात संध्याकाळी आरतीला तो नगारा वाजवी. नेमके त्याच वेळी खाली दरबारात राजांचे भाषण चाले आणि नगाऱ्यापुढे त्यातले एक अक्षर कोणाला ऐकू येत नसे. प्रजेची काही तक्रार नव्हती. राजांची होती.

राजांनी स्वतःला ‘मेघगर्जन’ अशी पदवी दिली होती. भाषणातला आवाज मात्र तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. हे सांगणार कोण? सांगू नये म्हणून तर आवाजमापन खाते होते! राजे बोलू लागले की खात्यातले अधिकारी कानांवर हात दाबत आणि कोपरे वर उचलत. कोपर जितके उंच, तितका आवाज मोठा. राजांच्या वेळी कोपरे आढ्याकडे जात. नगाऱ्याच्या वेळी हात मांडीवरून हलत नसत. खात्याचे प्रमुख त्रिंबकपंत यांना या मेहनतीबद्दल पालखी होती.

“मग आरतीच्या वेळी माझं भाषण ऐकू का येत नाही?” राजांनी एकदा विचारले होते.

“नगारा आतून पोकळ आहे, महाराज,” पंत म्हणाले. “पोकळ माणसांचा, म्हणजे वस्तूंचा, काय भरवसा!”

भिवा घरी येऊन डोके धरून बसला. “नगारा गेला की देवळातली चाकरी गेली, आणि चाकरीबरोबर आपली चूल.”

“चूल अजून पेटलेली आहे,” त्याची बायको धुरपदा म्हणाली. “गाडी जुंपा. मी येते. आणि तो मोहरीचा डबा द्या इकडे.”

दुसऱ्या दिवशी दरबारात नगारा मांडला गेला. धुरपदाने कातड्यावर मूठभर मोहरी पसरली. “महाराज, आता गर्जना होऊ द्या!”

राजे किंचाळले. कोपरे आढ्याकडे गेली. मोहरीचा दाणाही हलला नाही.

मग धुरपदा कातड्याजवळ वाकली आणि जात्यावर बसल्यासारखी खालच्या पट्टीत गुणगुणू लागली. थोडी वर, थोडी खाली. एका सुरावर येताच मोहरी ताडताड नाचू लागली!

“म्हणजे तुझं गुणगुणणं माझ्या गर्जनेपेक्षा मोठं?” राजे लाल झाले.

“मोठं कसलं, महाराज! झोपाळ्याला भलत्या वेळी कितीही जोरात ढकला, तो चढत नाही. त्याच्या लयीत बोट लावलं तरी चढतो. कातड्याचाही स्वतःचा एक सूर असतो. तो लागला की ते डोलतं, हुकमाने डोलत नाही.”

“राजद्रोही मोहरी!” त्रिंबकपंत ओरडले. “आमच्या कोपरांपुढे हिची काय किंमत?”

“मग दोन्ही मापं एकदमच तपासू की, पंत!” धुरपदा सिंहासनाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “महाराज, या खेपेला छाती फुगवा, तोंड उघडा, पण आवाज काढू नका.”

राजांनी छाती फुगवली. तोंड आ वासले. चकार शब्द निघाला नाही.

कोपरे सर्रकन वर गेली! “कानठळ्या बसल्या!” कोणी ओरडले. एक वयस्कर सरदार सावकाश जागा बघून बेशुद्ध पडला.

मोहरी जिथल्या तिथे होती.

राजांनी तोंड मिटले. “पंत, मी आत्ता काय बोललो?”

“अप्रतिम बोललात, महाराज!” पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. “विशेषतः शेवटचं वाक्य!”

राजांनी पंतांचे ओले डोळे पाहिले. मग राजांचे पोट हलू लागले आणि ते हसले. भाषणातला ओढूनताणून काढलेला आवाज नव्हे. पोटातून आलेले, खर्जातले, खरे हसू. नगारा घुमला. मोहरी उसळली आणि पंतांच्या दाढीत जाऊन बसली!

“घ्या मोजून!” धुरपदा म्हणाली. “मोहरी पंतांपर्यंत पोचवणारा आवाज आहे महाराजांचा. नगाऱ्याने स्वतः साथ दिली.”

“आणि भाषणाचा?”

“तो मोजायला कोपरं आहेत ना!”

राजे पुन्हा हसले. उरलेली मोहरीही उडाली. नगाऱ्याला नवे कातडे आणि धुरपदाला त्रिंबकपंतांची पालखी मिळाली. नगारा टेकडीवर डोक्यावरून पोचवायचे काम राजांनी आवाजमापन खात्याकडे दिले. कोपरे वर धरायची त्यांना सवय होतीच.