धाकूच्या कागदावरची सही

समुद्रकाठच्या एका गावात एक भोळा पंपवाला होता. नाव धाकू. शेजारच्या अणुवीज केंद्रात तो अकरा वर्षं हंगामी कामगार होता. माणूस सोन्यासारखा, पण सांगितलेलं अक्षरशः करायचा, आणि तेही नको तिथे.

त्याची बायको शेवंती एकाच गोष्टीसाठी झुरत होती. धाकू कायम व्हावा. कायम झाला की वसाहतीत नळ असलेली खोली मिळणार होती. विहिरीचं पाणी ओढून ओढून बिचारीचे हात सोलवटले होते. आता सगळं त्याच्या वरच्या पाध्ये साहेबांच्या एका सहीवर अडलं होतं. साहेब म्हणाले, "आधी प्रशिक्षण पुरं कर. मग सही."

प्रशिक्षण द्यायला चार देशांची माणसं आली होती. अणुवीज केंद्र कुठल्याही देशातलं असो, तिथे चूक झाली की धास्ती सगळ्यांनाच. म्हणून हे लोक एकमेकांकडे जाऊन शिकवतात आणि शिकतात. भली माणसं. त्यांना धाकू ठाऊक नव्हता.

पहिल्या दिवशी जपानचे ओकाडा साहेब दुभाष्यामार्फत म्हणाले, "कशालाही हात लावण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं. काय दिसतं ते मोठ्याने म्हणायचं. मगच हात लावायचा."

धाकूला हे फार आवडलं.

दुपारी केंद्राचे संचालक आले. हार घालायचं काम धाकूकडे होतं. त्याने संचालकांकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मोठे साहेब! टक्कल पडलेलं! पोट सुटलेलं! बाकी ठीक!" मग हार घातला.

पाध्ये साहेबांनी त्याला बाजूला ओढलं. "अरे शहाण्या, दिसेल ते बोंबलत सुटायचं नसतं! गुपचूप वहीत लिहायचं."

"चुकलं साहेब. आता लिहीन."

दुसऱ्या दिवशी बागेच्या पंपघरात पाइप फुटला. धाकूने वही काढली. संध्याकाळी साहेबांनी ती वाचली. 'दहा वाजता पाणी घोट्यापर्यंत. अकरा वाजता गुडघ्यापर्यंत. बारा वाजता स्टुलावर चढलो.'

"गाढवा, पाणी दिसलं की आधी व्हॉल्व बंद करायचा!"

"चुकलं साहेब. आता बंद करीन."

तिसऱ्या दिवशी आगीचा सराव होता. मैदानात पेंढ्याचा ढीग पेटवला. बंबवाल्यांनी पाण्याचा फवारा सोडला. धाकूला पाणी दिसलं. तो धावत गेला आणि व्हॉल्व बंद करून आला. पेंढा जळाला. शेजारी उभी असलेली पाध्ये साहेबांची स्कूटरही जळाली.

"अरे, आग लागलीय आणि पाणी बंद करतोस?"

"पण साहेब, आग खोटीच होती ना?"

दुभाष्याकडून हे ऐकून फ्रान्सच्या क्लेरबाई पुढे आल्या. "सराव कधीही खोटा समजायचा नाही," त्या म्हणाल्या. "सराव सुरू झाला की सगळं खरं. 'सराव संपला' अशी घोषणा होईपर्यंत खरंच."

"चुकलं बाई. आता खरं मानीन."

घरी शेवंतीने हात जोडले. "अवो, उद्याचा शेवटचा दिवस. तुमी डोकं चालवू नका. त्ये सांगतील तेवडंच करा." याहून घातक सल्ला तिला सुचला नसता.

चौथ्या दिवशी मोठा सराव झाला. गावकरी कुंपणाशी जमले. सरावात कोणी काय व्हायचं याची केंद्रातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळाली. पाध्ये साहेबांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मयत'. साहेब निमूट गवतावर आडवे झाले. धाकूने आणि आणखी एकाने त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, चादर ओढली, गाडीपर्यंत नेलं. कुठे म्हणून चूक नाही. धाकूने डोळेसुद्धा पुसले. ओकाडा साहेबांनी मान डोलावली, क्लेरबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सराव संपला, पण नेमका लाउडस्पीकर बिघडला. सगळे आपापले उठून चहाला गेले. पाध्ये साहेबही उठले. खूश होते. त्यांनी खिशातून धाकूचा कागद काढला.

"ये धाकू. सही करतो."

धाकू दोन पावलं मागे सरला. "साहेब, घोषणा झाली नाही. तुम्ही मेलेले आहात. आडवे व्हा."

"अरे, लाउडस्पीकर बिघडलाय!"

"मयताने बोलू नये, साहेब."

कुंपणापलीकडून शेवंती ओरडली, "अवो, घ्या की सही! पाया पडते तुमच्या!"

साहेबांना तिची दया आली. त्यांनी धाकूला गर्रकन वळवलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही ठोकली. "जा, ऑफिसात नेऊन दे. आणि तोंड उघडू नकोस!"

शेवंती रडता रडता हसायला लागली. नव्या खोलीत हंडा कुठे ठेवायचा ते शेजारणीला सांगू लागली.

धाकूने तोंड उघडलं नाही. पण खोटेपणा त्याला खपत नव्हता. त्याने सहीखाली नीट अक्षरात लिहिलं आणि कागद ऑफिसात देऊन आला.

'ही सही करतेवेळी साहेब मयत होते. स्ट्रेचरवरून मी स्वतः नेले.'